घर बांधताना परवाना कोणाचा पाहावा? कोल्हापूर परिसरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरात, उपनगरांत किंवा भोवतालच्या गावांत स्वतःचे घर बांधणाऱ्या कुटुंबांसाठी, आणि बांधकामाच्या निरनिराळ्या कामांत असलेल्या कारागिरांसाठीही, ही प्रश्नोत्तरे तयार केली आहेत. घर बांधायला काढले की कागदांची एक फाईल तयार होते. त्या फाईलमधला कोणता कागद नेमकी कशाची हमी देतो, आणि कशाची देत नाही, एवढेच येथे सांगायचे आहे.

गवंडी, सेंटरिंगवाला किंवा घर बांधून देणारा ठेकेदार यांना राज्य शासनाचा परवाना लागतो का?

नाही. महाराष्ट्रात खासगी घर बांधून देण्याचा व्यवसाय करण्यासाठी ठेकेदाराने परीक्षा द्यावी, अनामत ठेवावी किंवा एखाद्या मंडळाकडून परवाना घ्यावा, असा कायदा नाही. गवंडीकाम, सुतारकाम, सेंटरिंग, सळईकाम, गिलावा, फरशी, रंगकाम, फॅब्रिकेशन यांपैकी कशालाही तो नाही. राजारामपुरीत चार मजली इमारत उभी करणारा ठेकेदार आणि पाचगावात दोन खोल्यांचे काम उक्ते घेणारा मिस्त्री हे या बाबतीत कायद्यासमोर एकाच रांगेत उभे आहेत.

शासनाचे नियंत्रण दुसऱ्या बाजूंनी येते. काय बांधायचे हे नकाशा मंजुरीतून ठरते. नकाशावर आणि संरचनेच्या आराखड्यावर कोण सही करू शकतो, हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. वीज, उद्वाहन (लिफ्ट), नळजोडणी, अग्निसुरक्षा यांसारख्या कामांसाठी स्वतंत्र परवाने आहेत. मजुरांच्या बाबतीत कामगार कायदे आहेत, आणि फ्लॅट बांधून विकणाऱ्यावर महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण आहे. या सगळ्यांच्या मधोमध प्रत्यक्ष वीट रचणारा आणि स्लॅब ओतणारा माणूस परवान्याविना काम करतो आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे.

गवंडीकाम शिकवणारा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आहे, आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत गवंडी आणि सुतार यांचाही समावेश आहे. त्या योजनेचे प्रमाणपत्र व ओळखपत्र असलेला कारागीर अवश्य पसंत करावा. परंतु ते नसलेल्याला काम करण्यास मनाई नाही.

मग ठेकेदाराच्या कार्डावर ‘शासनमान्य नोंदणीकृत ठेकेदार’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ काय घ्यावा?

बहुतेक वेळा त्याच्याकडे चारपैकी एखादा कागद असतो, आणि चारही खरे असले तरी त्यांतून आपल्याला हवे ते कळत नाही.

पहिला कागद सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदणीचा. ही नोंदणी सरकारी निविदा भरता यावी म्हणून असते. ठेकेदाराचा पूर्वानुभव, आर्थिक ऐपत आणि यंत्रसामग्री पाहून त्याला वर्ग दिला जातो आणि त्या वर्गावरून तो किती रकमेपर्यंतचे सरकारी काम घेऊ शकतो हे ठरते. आयुष्यभर रस्त्यांचे खडीकरण आणि मोऱ्यांची कामे केलेल्या ठेकेदाराकडेही हा कागद उत्तम वर्गाचा असू शकतो. त्याने एकही घर बांधलेले नसेल. दुसरा कागद जीएसटी क्रमांकाचा. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की तो घ्यावा लागतो, आणि त्यातून एवढेच कळते की माणूस कराच्या नोंदीत आहे. तिसरा उद्यम नोंदणीचा. ती ठेकेदाराने स्वतः भरलेल्या माहितीवर ऑनलाइन आणि विनाशुल्क मिळते. चौथा शॉप अॅक्टचा, ज्यात लहान आस्थापनेला केवळ सूचना द्यावी लागते. यांपैकी एकाही कागदासाठी कोणी त्याने बांधलेली भिंत जाऊन पाहिलेली नसते.

हे कागद निरुपयोगी आहेत असे नाही. पुढे वाद झाला तर समोरच्याचे खरे नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक हाताशी असणे फार मोलाचे ठरते, म्हणून त्यांच्या प्रती घ्याव्यात. कौशल्याचा अंदाज मात्र त्याने बांधलेल्या घरांवरूनच येतो. त्याच्याकडून तीन घरांचे पत्ते घ्या, त्यांतले किमान एक घर दोन पावसाळे काढलेले असू द्या, आणि घरमालकाला गच्चीचा कोपरा व बाथरूमच्या मागची भिंत दाखवायला सांगा. आपल्याकडच्या पावसात जे घर जुलैच्या शेवटी कोरडे असते, त्याचे काम बरे झाले आहे असे समजायला हरकत नाही.

वीजकामासाठी परवाना खरोखर सक्तीचा आहे का? आमच्या गल्लीतला मुलगा सगळी घरे करतो.

सक्तीचा आहे, आणि घराच्या बांधकामात सर्वांत काटेकोर नियम येथेच आहे. विद्युत अधिनियम, २००३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा व वीजपुरवठ्यासंबंधी विनियम केले आहेत. आधी २०१० चे लागू होते, आता २०२३ चे आहेत. नवीन वायरिंग, त्यात भर, बदल किंवा दुरुस्ती हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून झाले पाहिजे, असा हा नियम आहे. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलणे यांसारखी किरकोळ कामे त्यातून वगळलेली आहेत, म्हणून घरात बटण बदलणाऱ्या गृहस्थाने घाबरण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षात काय होते ते उघड गुपित आहे. वायरिंग ओळखीचा मुलगा करतो. मीटर घ्यायची वेळ आली की महावितरणला द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही लागते, आणि मग कोणीतरी पैसे देऊन अशा ठेकेदाराची सही-शिक्का आणतो, ज्याने ते घर कधी पाहिलेले नसते. रिपोर्टमध्ये इन्सुलेशनचा आणि अर्थिंगचा रोध लिहिलेला असतो. तो मोजलेला नसून मागच्या रिपोर्टवरून उतरवलेला असतो. गल्लीतला मुलगा कुशल असेलही, पण शॉर्टसर्किट होऊन आग लागली तर चौकशीत पहिला प्रश्न हाच येतो की काम कोणी केले, आणि त्या वेळी सही करणारा ‘मी साइटवर गेलोच नव्हतो’ असे म्हणू शकत नाही व आपणही म्हणू शकत नाही.

म्हणून एक साधी गोष्ट करावी: चाचणीच्या वेळी मालकाने समोर उभे राहावे. मेन स्विच बंद करून बल्ब काढतात, उपकरणांच्या पिना उपसतात, बटणे चालू स्थितीत ठेवतात आणि मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजण्याच्या उपकरणाने) तार व अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देतात. घरगुती वायरिंगमध्ये वाचन किमान १ मेगाओहम यायला हवे. ओल्या गिलाव्यात पाइप दाबून लगेच तारा ओढलेल्या घरात ते कमी येते आणि मग कोणता फेज ओल धरून बसला आहे हे शोधावे लागते. अर्ध्या तासाचे हे काम पाहिल्यावर रिपोर्टवरचे आकडे कोठून आले, हे वेगळे विचारावे लागत नाही.

वायरमन, पर्यवेक्षक आणि विद्युत ठेकेदार यांत फरक काय? मी वायरमन आहे, मला पुढे कसे जाता येईल?

वायरमनचा परवाना हाताने काम करणाऱ्याचा, पर्यवेक्षकाचे सक्षमता प्रमाणपत्र त्या कामावर देखरेख करणाऱ्याचे, आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती कामाची जबाबदारी घेणाऱ्या आस्थापनेची असते. हे तिन्ही महाराष्ट्र शासनाच्या ऊर्जा विभागाखालील अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. सरकारी कागदांत वायरमनला तारतंत्री म्हणतात, हे अर्ज शोधताना लक्षात ठेवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यांची वाट सोपी असते. नुसत्या अनुभवावर काम करणाऱ्यांना मंडळाची परीक्षा देता येते, आणि पदविका किंवा पदवीधारकांना अनुभवासह थेट पर्यवेक्षकाकडे जाता येते. ठेकेदाराची अनुज्ञप्ती हवी असेल तर आपल्याकडे पर्यवेक्षक, वायरमन आणि मेगर, अर्थ टेस्टर यांसारखी चाचणीची उपकरणे असल्याचे दाखवावे लागते.

वीस-वीस वर्षे उत्तम काम करून परवाना न काढलेले कितीतरी जण या व्यवसायात आहेत. त्यांच्या सहीला किंमत नाही म्हणून त्यांच्या मजुरीचा मोठा भाग सही करणाऱ्याकडे जातो. परवान्याचा पहिला फायदा अखेर त्यांनाच आहे.

प्लंबरचे काय?

महानगरपालिका हद्दीत पाण्याची जोडणी आणि मैलाजोडणी यांसाठी महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये त्याची तरतूद आहे. हा परवाना स्थानिक असतो, म्हणजे तो देणाऱ्या महापालिकेच्या हद्दीपुरता चालतो. घराच्या आतील फिटिंग कोण करतो हे मात्र कोणी तपासत नाही, आणि गळती नेमकी तिथेच होते. फरशी बसवण्याआधी पाइपमध्ये दाबाने पाणी भरून एक रात्र ठेवायला सांगावे.

शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक साफ करण्यासाठी संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकी बांधतानाच सक्शन गाडीचा पाइप पोहोचेल अशा जागी झाकण ठेवावे.

आणखी कोणत्या कामांना परवाना किंवा नोंदणी लागते?

उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, बसवण्यासाठी आणि नंतर चालवण्यासाठी महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग यांसंबंधीच्या २०१७ च्या अधिनियमाखाली वेगवेगळी परवानगी घ्यावी लागते. अग्निसुरक्षेची यंत्रणा २००६ च्या राज्य कायद्यानुसार परवानाधारक अभिकरणाकडून बसवावी लागते. ती सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते, आणि ते देण्याची जबाबदारी इमारतीच्या सोसायटीवर येते. बोअर मारणाऱ्या रिगची नोंदणी भूजल कायद्याखाली असावी लागते.

आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांत कायद्याने फरक आहे का? नकाशावर सही कोणाची चालते?

आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यक्तीलाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा कायदा त्या बिरुदाचे संरक्षण करतो. आराखडा करण्याचे काम नोंदणी नसलेल्यांना तो बंद करत नाही. अभियंत्यांसाठी असे देशपातळीवरचे वैधानिक नोंदणीपुस्तकच नाही. म्हणून अभियंता, पर्यवेक्षक आणि संरचना अभियंता यांची पात्रता राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिलेली आहे आणि त्यानुसार स्थानिक प्राधिकरण त्यांना परवाना देते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या या नियमावलीत कोणी किती मोठ्या बांधकामाच्या नकाशावर सही करायची याच्या मर्यादाही आहेत. पर्यवेक्षकाची मर्यादा सर्वांत लहान आहे, हे लक्षात न आल्याने पुष्कळ फायली परत येतात.

नकाशा काढणारा आणि कॉलम-बीमची सळई ठरवणारा संरचना अभियंता हे दोन वेगळे माणूस असणे चांगले. एकाच शुल्कात दोन्ही करून देणारा मिळाला तर सळईचा तक्ता कोणी तयार केला, हे नाव विचारून घ्यावे.

मंजुरी कोठे घ्यायची: महापालिका, प्राधिकरण की ग्रामपंचायत?

जागा कोणाच्या हद्दीत आहे त्यावर ते ठरते. शहराच्या हद्दीत कोल्हापूर महानगरपालिका आणि लगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये स्थापन झालेले कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. त्यापलीकडच्या ग्रामीण भागात गावठाण आणि गावठाणाबाहेरची जमीन यांचे नियम निराळे आहेत. प्लॉट विकणारा ‘ग्रामपंचायतीचा दाखला मिळतो’ असे म्हणाला, तर सात-बारा घेऊन तालुक्याला किंवा प्राधिकरणाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. ग्रामपंचायतीचा दाखला आणि बांधकाम परवानगी यांत पडलेला खड्डा नंतर बँकेच्या दारात दिसतो.

लहान भूखंडांसाठी नियमावलीने सवलत दिली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, अटी पूर्ण होत असतील तर, आवश्यक शुल्क भरून आणि परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रासह नकाशे सादर केल्यावर वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी तांत्रिक व्यक्तीच्या स्वयंप्रमाणनावर दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. या सवलतीत तपासणीचा भार कार्यालयाकडून सही करणाऱ्याकडे आणि अर्थातच मालकाकडे सरकतो. सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) चुकले तर ‘मंजूर झाले होते’ असे सांगायला मंजुरीच नसते.

पंचगंगेच्या काठाला आणखी एक बाब आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना निळी आणि लाल पूररेषा समजावून सांगावी लागत नाही. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये ते अटींवर होते आणि जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर ठेवावे लागते. प्लॉटचा व्यवहार करण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहावा, शेजाऱ्याच्या भिंतीवरची पाण्याची खूणही पाहावी.

सही करणारा अभियंता साइटवर येतच नाही. हे चालते का?

चालू नये. नियमावलीत परवानाधारक तांत्रिक व्यक्तीची कर्तव्ये लिहिलेली आहेत; जोते पूर्ण झाल्याची आणि काम पूर्ण झाल्याची प्रमाणपत्रे तोच देतो, आणि खोटे प्रमाणपत्र दिल्यास परवान्यावर कारवाई होऊ शकते. तरीही शुल्क ठरवताना आपण ‘नकाशा पास करून देण्याचे’ शुल्क ठरवतो आणि देखरेखीचे ठरवत नाही, मग तो का येईल? पाया, जोते, प्रत्येक स्लॅब आणि पाण्याची टाकी एवढ्या वेळच्या भेटी शुल्कात धरून घ्याव्यात.

स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळची भेट सर्वांत महत्त्वाची. त्या वेळी सळई उघडी असते, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती पुन्हा कधीच दिसत नाही. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळईवर काँक्रीटचे आवरण साधारण परिस्थितीत स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० आणि फुटिंगला ५० लागते. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक बांधलेले दिसले पाहिजेत. खडीचे तुकडे सळईखाली सरकवलेले असतील तर माणसे चालताना ते निसटतात. कॉलमच्या रिंगांचे हुक ९० अंशांत वळवलेले असतील तर ते १३५ अंशांत आत वळवून घ्यायला सांगावे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या भागाने अनुभवला, तिथे हा हट्ट अवाजवी म्हणता येणार नाही. मिस्त्री म्हणेल, ‘आम्ही आजवर असंच करत आलोय.’ त्याच्याशी वाद न घालता अभियंत्याला फोन करावा आणि तो येईपर्यंत मिक्सर सुरू करू नये.

महारेराकडे घराच्या ठेकेदाराची तक्रार करता येते का?

स्वतःच्या जागेवर घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराची करता येत नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, जो महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेरामार्फत राबवला जातो, तो विकण्यासाठी बांधणाऱ्या प्रवर्तकावर लागू आहे. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष दाखवून दिल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा असतो. मध्यस्थांनाही नोंदणी सक्तीची आहे, आणि ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड द्यावा लागतो. शहरात आठ सदनिकांच्या आतल्या लहान इमारती पुष्कळ उभ्या राहतात. त्या या नोंदणीबाहेर राहतात, हे घेणाऱ्याने आधीच पाहावे.

मजुरांबाबत मालकाची आणि ठेकेदाराची जबाबदारी काय?

बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा आणि कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत. कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला ५० किंवा अधिक मजूर असल्यास परवाना लागतो. घरगुती कामावर एवढे मजूर नसतात. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मात्र पुष्कळांना लागू होतो आणि तो बहुधा परवानगीच्या शुल्काबरोबरच भरून घेतला जातो. स्वतःच्या राहत्या घरासाठी जुन्या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाला त्यातून सूट होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख आहे.

याच उपकरातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. १८ ते ६० वयाच्या आणि मागील वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराला नोंदणी करता येते, आणि ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. आपल्या साइटवरच्या मिस्त्रीला आणि बिगाऱ्याला हा दाखला ठेकेदाराकडून मिळवून द्यावा. त्यासाठी मधल्या माणसाला पैसे मोजायला लागणे ही या योजनेची मोठीच विटंबना आहे.

अपघाताचे म्हणाल, तर पहाड (परांची) बांधण्याआधी ठेकेदाराने कामगार नुकसानभरपाईचा विमा काढला आहे का, हे पाहावे आणि पॉलिसीची प्रत घ्यावी. हप्ता आपण भरला तरी चालेल.

परवानाच नसेल तर ठेकेदाराला बांधून कशाने ठेवायचे?

लेखी कराराने. ज्या व्यवसायाला परवाना नाही, त्यात करारपत्र हेच परवान्याचे काम करते, आणि कोल्हापुरात अजूनही लाखोंची कामे वहीच्या पानावर होतात. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो आणि मोठ्या रकमेच्या करारावर तो रकमेनुसार वाढतो. घराच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे.

सर्वाधिक भांडणे चौरस फुटाच्या दरावरून होतात. दर ठरतो, पण कशाचा चौरस फूट मोजायचा हे ठरत नाही. शेवटच्या मोजणीला छज्जा, जिना, पॅरापेट, ओव्हरहेड टाकी, जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक आणि कंपाउंड यांतले काय धरायचे यावरून दोन्ही बाजू तापतात. स्लॅबचे क्षेत्र मोजायचे की बाहेरून भिंतीचे, छज्जा पूर्ण धरायचा की अर्धा, टाक्या दरात आहेत की वेगळ्या, हे नकाशाच्या प्रतीवरच लिहून दोघांनी सह्या कराव्यात. काँक्रीटची प्रत, सळईची प्रत, सिमेंट कोणते, पाणी मारायचे दिवस किती, हेही लिहावे. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीपीसी सिमेंटला मानकाप्रमाणे किमान दहा दिवस पाणी लागते, आणि तिसऱ्या दिवशी पाणी थांबवणारे बरेच भेटतात. पैसे टप्प्याने द्यावेत, आगाऊ रक्कम पुढच्या टप्प्याच्या मालाइतकीच असावी, आणि पाच टक्के रक्कम एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवावी. चांगला ठेकेदार या अटीला सहसा कुरकुरत नाही.

मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी द्यावा लागतो का?

माल तुमचा आणि ठेकेदाराची केवळ मजुरी असेल, आणि घर स्वतंत्र एक निवासी घर असेल, गृहसंकुलाचा भाग नसेल, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. मालासहित ठेक्यावर नोंदणीकृत ठेकेदार १८ टक्के आकारतो. दर ‘करासह’ की ‘कर वेगळा’ हे आधी विचारावे.

अमेरिकेत असलेला मुलगा म्हणतो, तिकडे ठेकेदाराचा परवाना क्रमांक टाकला की सगळे कळते. आपल्याकडे असे का नाही?

तो बहुधा कॅलिफोर्नियासारख्या राज्याबद्दल बोलत असेल. तिथे १९२९ पासून ठेकेदारांना परवाना देणारे स्वतंत्र राज्य मंडळ आहे. परवान्यासाठी गेल्या दहा वर्षांत किमान चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५,००० डॉलरचे हमीपत्र लागते. तिथेही प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत आणि काही राज्यांत सर्वसाधारण ठेकेदाराला राज्याचा परवाना नाहीच. आपल्याकडे तशी पद्धत आणायची तर आधी हजारो मिस्त्र्यांच्या हातातल्या कौशल्याची चाचणी कोण घेणार, हे ठरवावे लागेल. परीक्षा लेखी आणि शुल्क मोठे ठेवले तर वायरिंगमध्ये जे सहीचे झाले तेच गवंडीकामात होईल, अशी भीती निराधार नाही.

काम बिघडले किंवा अर्धवट राहिले तर दाद कोठे मागावी?

प्रथम काम आहे त्या स्थितीत थांबवून तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि दुसऱ्या परवानाधारक अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा; तो नसेल तर पुढे सगळे शब्दाला शब्द होते. मग ठेकेदाराला नोंदणीकृत टपालाने नोटीस द्यावी. गृहबांधणी ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवा आहे, त्यामुळे निकृष्ट कामासाठी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. पोलिसांत फसवणुकीची तक्रार सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू होता असे दिसत असेल तरच टिकते. काम रेंगाळले एवढ्यावर ती सहसा दिवाणी वाद म्हणून परत येते.

विद्युत ठेकेदाराविरुद्धची तक्रार विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात, आर्किटेक्टविरुद्धची वास्तुकला परिषदेकडे, आणि अभियंता किंवा प्लंबरविरुद्धची त्याला परवाना देणाऱ्या महापालिकेकडे किंवा प्राधिकरणाकडे करावी. या ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, परवान्यावर कारवाई होते. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयातच जावे लागते, आणि परवान्याची तक्रार व नुकसानभरपाईची मागणी एकाच वेळी करण्यास अडचण नाही.